आकृतीची रुजुवात
(प्रस्तावना)

विमान ओळखणे आणि विमानाचे छायाचित्र ओळखणे ह्या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. प्रस्तुत पुस्तक ज्या वाचकांच्या हाती पडेल त्यांची तेवढी वर्षे वाचावीत, हाच ही प्रस्तावना विस्ताराने लिहिण्यामागचा माझा हेतू आहे. आकाशातून जाणाऱ्या विमानाला आवाज असतो, गती असते, वळताना एक पंख खाली टाकण्याची त्याची स्वतःची अशी एक लकब असते. सरावलेला मनुष्य पुष्कळदा मान वर न करता, नुसत्या घरघरीवरून, ते कोणते हे सांगतो. छायाचित्र हे सारे काढून घेते. सपाट कागदावर करड्या-काळ्या छटांचा एक पुंज तेवढा मागे राहतो, आणि तो पुंज केवढा मोठा, किती दूर, कोणत्या दिशेने चाललेला, हे सांगायला जवळ कोणी नसते. ह्या सगळ्याच्या मोबदल्यात छायाचित्र एकच गोष्ट देते, ती म्हणजे अवधी. आकाशातले विमान दहा पळांत दिसेनासे होते. कागदावरचे विमान आपण दहा वर्षे पाहू शकतो. ह्या अवधीचा उपयोग कसा करावा, एवढाच खरे पाहता ह्या पुस्तकाचा विषय आहे.

परिचित विमानाचे एक बरे असते. ते कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडते, ते चालवणारे, दुरुस्त करणारे, त्यातून प्रवास केलेले सहस्रावधी लोक हयात असतात, आणि एखाद्या नियतकालिकात त्याची तसबीर भलत्याच नावाखाली छापली गेली तर आठवड्याभरात दहा पत्रे येऊन चुकीची दुरुस्ती होते. प्रायोगिक विमानाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. ते एक किंवा दोनच घडवले जाते, कुंपणाआडच्या धावपट्टीवर काही महिने उडते, आणि बहुधा कोणत्या तरी लेखणीच्या एका फटकाऱ्याने मोडीत निघते. इटलीतील काप्रोनी ह्यांनी १९२१ साली मॅज्योरे सरोवरावर उतरवलेली ती प्रचंड उडती नौका घ्या: तीन-तीन पंखांच्या एकामागे एक अशा तीन उतरंडी, म्हणजे एकंदर नऊ पंख, आठ इंजिने, शंभर उतारू महासागरापार नेण्याची आकांक्षा, आणि मार्च महिन्यातल्या दुसऱ्याच उड्डाणात पाण्यावर झालेला चुराडा. ती पाहिलेला मनुष्य आज भेटणे नाही. ती आहे ती मुख्यतः छायाचित्रांत, आणि त्या छायाचित्रांखालचा मजकूर जर कोणी चुकीचा लिहिला, तर त्याविरुद्ध साक्ष द्यायला त्या छायाचित्राखेरीज दुसरे कोणीही उरलेले नाही.

ही विद्या युद्धाच्या धाकात जन्मली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या टेकड्याटेकड्यांवर पहारा करणाऱ्या स्वयंसेवक निरीक्षकांना येणारे विमान आपले की शत्रूचे हे क्षणार्धात सांगणे भाग होते, आणि त्यासाठी त्यांना समोरून, बाजूने व खालून काढलेल्या काळ्या छायाकृतींची तालीम दिली जाई. ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे ह्याच विषयाला वाहिलेले नियतकालिक जानेवारी १९४१ मध्ये निघाले, आणि शाळकरी मुलांपासून सेवानिवृत्त वृद्धांपर्यंत सारे ते आवडीने वाचू लागले. पाहण्याचा क्रम ठरलेला असे: आधी पंख, मग इंजिन, मग धड, शेवटी शेपूट. पंख धडाच्या माथ्यावर बसवला आहे, मध्यावर की तळाशी. त्याच्या कडा समांतर आहेत की टोकाकडे निमुळत्या. इंजिन गोल तोंडाचे आहे की लांबट. शेपटाचा उभा कल्ला एक आहे की दोन. हा शिरस्ता अत्यंत उपयुक्त असून ह्या पुस्तकाच्या पहिल्या भागात मी तोच अनुसरला आहे.

परंतु त्यात एक मेख आहे. ही पद्धत माणसाला ज्ञात वस्तूंच्या यादीतून एक वस्तू निवडायला शिकवते. यादीत नसलेली वस्तू समोर उभी राहिली म्हणजे ती निरुपाय होते, आणि, ह्याहून वाईट म्हणजे, यादीतले जवळपासचे नाव त्या वस्तूला चिकटवून मोकळी होते. १९४१ च्या शरदात फ्रान्सच्या किनाऱ्यावर लढणारे ब्रिटिश वैमानिक परत येऊन सांगू लागले, की गोल तोंडाच्या इंजिनाचे एक नवे जर्मन लढाऊ विमान आपल्यावर येते आणि ते आपल्याहून वरचढ आहे. माहिती खात्याला ठाऊक असलेल्या जर्मन लढाऊ विमानांत गोल तोंडाचे विमानच नव्हते. सबब, जर्मनांनी फ्रेंचांकडून पकडलेली अमेरिकन बनावटीची जुनी कर्टिस विमाने ह्या लोकांनी पाहिली असतील, असा निर्वाळा प्रथम देण्यात आला. प्रत्यक्षात ते फोके-वुल्फ १९० होते, त्या युद्धातील सर्वोत्कृष्ट लढाऊ विमानांपैकी एक. वैमानिकांच्या डोळ्यांत दोष नव्हता, दोष दप्तरात होता.

ह्याच्या उलट प्रकारही त्याच काळात घडला, आणि त्याचा बोध छायाचित्रे चाळणाऱ्याला अधिक जवळचा आहे. हाइंकेल कारखान्याने आपल्या १०० क्रमांकाच्या जलद विमानाच्या एक डझन प्रती तयार केल्या होत्या. सैन्याने ते विमान स्वीकारले नाही. तेव्हा जर्मन प्रचारखात्याने १९४० साली ह्याच बारा विमानांवर निरनिराळ्या काल्पनिक पथकांची चिन्हे आलटून पालटून रंगवली, रांगेत उभी करून त्यांची छायाचित्रे घेतली, आणि ‘हाइंकेल ११३’ ह्या नावाचे नवे लढाऊ विमान सेवेत दाखल झाल्याचा डांगोरा पिटला. ती छायाचित्रे शत्रुपक्षाच्या ओळखपुस्तकांत रीतसर समाविष्ट झाली. त्यानंतर ब्रिटिश वैमानिकांना आकाशात हाइंकेल ११३ दिसू लागले. त्यांच्याशी झुंजी झाल्याचे, त्यांना पाडल्याचेही दाखले नोंदवले गेले. ते विमान अस्तित्वातच नव्हते. छायाचित्र खरे होते, त्यातले विमान खरे होते, त्याची फ्रेम, प्रकाश, सावली सगळे खरे होते. खोटा होता तो खालचा मजकूर आणि वरचा रंग. छायाचित्र खोटे बोलत नाही असे जे म्हटले जाते, ते छायाचित्राच्या चौकटीपुरते मानावे. चौकटीबाहेर त्याला बोलायला लावणारा मनुष्य असतो.

ह्या दोन्ही भ्रमांतून वाट कशी काढावी, ह्याचा धडा मी ज्यांच्यापासून घेतला त्या बाईंविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये टेम्स नदीकाठी मेडमेनम गावाजवळ डेन्सफील्ड हाउस नावाचा एक मोठा वाडा आहे. युद्धकाळात टेहळणी विमानांनी आणलेली लक्षावधी छायाचित्रे तेथे वाचली जात. ‘वाचणे’ हाच शब्द येथे योग्य होय. त्या वाड्यात शत्रूच्या विमानांचे खाते कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ह्यांच्याकडे होते. युद्धापूर्वी त्या ‘द एरोप्लेन’ ह्या साप्ताहिकात लेखन करीत. विमान हे त्यांच्या आवडीचे क्षेत्र होते, आणि ज्याला आवड असते त्याच्याच डोळ्याला न थकण्याची शक्ती लाभते, ह्याचे त्यांच्याइतके उत्तम उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

त्यांच्यापुढचे काम किती सूक्ष्म होते ह्याची कल्पना थोड्या हिशेबाने येईल. ३६ इंच नाभ्यंतराचे भिंग लावलेल्या कॅमेऱ्याने ३०,००० फुटांवरून जमिनीचे चित्र घेतले म्हणजे त्याचे प्रमाण दहा हजारास एक असे पडते. जमिनीवरचे वीस फूट त्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक भरतात. वीस फुटी पंखांचे विमान म्हणजे त्या चित्रात खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा एक फिकट ठिपका. त्या ठिपक्याला पंख आहेत की नाहीत, आणि असल्यास ते कापलेले आहेत की निमुळते, हे तेथे ठरवायचे असते. साधन म्हणजे एक भिंग, एक सूक्ष्म मापपट्टी, आणि लागोपाठ घेतलेली, निम्म्याहून अधिक भाग समान असलेली दोन चित्रे ज्याखाली ठेवली असता जमीन उंचसखल होऊन वर उठते तो द्विनेत्री चष्मा. पहिल्यांदा त्या चष्म्यातून पाहताना इमारती कागदातून अंकुरासारख्या वर येतात आणि कडेला उभे असलेले विमान आपल्या सावलीपासून अलग होऊन चाकांवर उभे राहते, तो क्षण ज्याने अनुभवला आहे त्याला ह्या विद्येचे वेड का लागते हे समजावून सांगावे लागत नाही.

जून १९४३ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे ह्या जर्मन चाचणीतळावरील धावपट्टीच्या चित्रांत बॅबिंग्टन स्मिथ बाईंना शेपटाचे आडवे पंख नसलेली चार आखूड विमाने आढळली. ती कोणती हे सांगण्याचा मोह त्यांनी आवरला. पंखांचे माप सुमारे ३० फूट भरले, म्हणून त्यांनी त्या विमानाची नोंद ‘पेनेम्युंडे ३०’ अशी केली. जेथे दिसले ते ठिकाण आणि जेवढे भरले ते माप, ह्यापलीकडे त्या नावात एका अक्षराचाही दावा नाही. तेच पुढे रॉकेटवर चालणारे मेसरश्मिट १६३ ठरले. गवतावर उमटलेल्या गडद पट्ट्यांवरूनही तेथील मंडळींनी नव्या जातीच्या, आग ओकणाऱ्या इंजिनांचा माग काढला; विमान जागेवर नसताना त्याच्या उच्छ्वासावरून त्याची जात ओळखावी असा तो प्रकार होता.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडी त्यांना ‘अगदी लहान विमान’ शोधण्यास सांगण्यात आले. अगदी लहान म्हणजे किती, व ते कशासाठी, हे सांगणारे कोणी नव्हते. त्यांनी जुनी चित्रे पुन्हा बाहेर काढली. जे चित्र एकदा पाहून निकालात काढले गेले आहे ते दुसऱ्या प्रश्नासह पुन्हा पाहिले म्हणजे निराळे चित्र होते, हे सूत्र मी येथूनच उचलले. एका इमारतीजवळ, इतके दिवस कोणाच्याही नजरेत न भरलेला एक ठिपका त्यांना गवसला; माप सुमारे २० फूट; नोंद ‘पेनेम्युंडे २०’. त्यानंतर २८ नोव्हेंबर १९४३ रोजी स्क्वाड्रन लीडर जॉन मेरिफील्ड मॉस्किटो विमानातून बर्लिनकडे निघाले असता तेथे ढग आडवे आले, म्हणून ते बाल्टिककडे वळले आणि त्यांनी पेनेम्युंडेचा परिसर टिपून आणला. ती चित्रे १ डिसेंबर रोजी पाहत असता बाईंचे लक्ष किनाऱ्याच्या कडेवरील काही उतरत्या बांधकामांकडे गेले. ही गाळ उपसण्याची सामग्री असावी असा अभिप्राय पूर्वी कोणी देऊन ठेवला होता आणि तो तसाच पुढे चालत आला होता. त्यांना तो पटेना. भिंग त्या उतारावर नेले तेव्हा रुळांवर, समुद्राकडे तोंड करून, एक इवलासा क्रूस बसवलेला दिसला. पुढे १३ जून १९४४ पासून लंडनवर कोसळू लागलेल्या मनुष्यरहित उडत्या बॉम्बची ही पहिली उघड साक्ष होती, आणि उत्तर फ्रान्समध्ये ठिकठिकाणी उभारले जात असलेले तसेच उतार कशासाठी आहेत ह्याचाही त्यामुळे उलगडा झाला.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी ज्या गोष्टीपाशी थांबतो ती शोधाचे थोरपण नव्हे, तर ते नाव: ‘पेनेम्युंडे २०’. समोरची वस्तू काय आहे हे ठाऊक नसताना तिला असे नाव देणे, की ज्यात आपले अज्ञान प्रामाणिकपणे सुरक्षित राहील, आणि तरीही दुसऱ्या कोणाला तीच वस्तू दिसली तर तिची गाठ पहिलीशी घालता येईल, ह्यात मला शास्त्रीय वृत्तीचे सार दिसते. हीच रीत पुढेही टिकली. शीतयुद्धाच्या उत्तरकाळात मॉस्कोजवळच्या रामेन्स्कोये येथील चाचणी-धावपट्टीवर अमेरिकन उपग्रहांना नवे विमान दिसले, की ‘राम’ ह्या आद्याक्षरांना क्रमाने एक अक्षर जोडून त्याची नोंद होई. राम-के म्हणून ज्याची टिपणे वाढत गेली ते पुढे सुखोई २७ ठरले, आणि राम-एल ते मिग २९. ह्या पुस्तकातही ज्या छायाचित्रांतील विमानांची माझी स्वतःची खातरजमा झालेली नाही त्यांना मी ठिकाण व माप ह्यांवरूनच नावे दिली आहेत. वाचकांनी त्याला अपुरेपणा समजू नये.

विमान चमत्कारिक दिसते म्हणजे ते चमत्कारिक मनुष्याने बनवले असा एक समज आढळतो, तो मला मान्य नाही. प्रत्येक विचित्र आकाराच्या पोटात एक सरळ प्रश्न असतो, आणि तो प्रश्न सापडला की आकार आपोआप सुबोध होतो. अमेरिकेच्या नौदलासाठी चार्ल्स झिमरमन ह्यांनी आखलेले आणि १९४२ साली उडालेले जवळजवळ वाटोळे विमान, ज्याला लोक, आपल्या भाषेत सांगायचे तर, ‘उडते धिरडे’ म्हणत, ते अत्यंत कमी वेगाने उडून आखूड जागेत उतरता यावे म्हणून तसे होते; त्याचे दोन अवाढव्य पंखे टोकांना बसवले होते ते पंखाच्या टोकाशी निर्माण होणाऱ्या भोवऱ्याला उलट फिरून मोडून काढण्यासाठी. १९५४ साली शेपटावर उभे राहून सरळ वर चढणारे कॉन्व्हेअर कंपनीचे पोगो निघाले ते लहानशा जहाजाच्या फळीवरूनही लढाऊ विमान उडवता यावे ह्या गरजेपोटी.

परंतु ह्या कुळातील माझे सर्वांत आवडते विमान म्हणजे ब्लोम उंड फॉस कारखान्याचे १४१ होय, आणि त्याने मला जो धडा दिला तो येथे सांगतो. जर्मन हवाई खात्याला एका इंजिनाचे, चोहोबाजूंनी निर्वेध दिसेल असे टेहळणी विमान हवे होते. इंजिन नाकात बसवले की समोरचे दिसत नाही. म्हणून रिखार्ड फोग्ट ह्या अभियंत्याने इंजिन व लांबलचक धड एका बाजूला ठेवले, आणि माणसांसाठी काचेची एक स्वतंत्र कोठडी पंखावर, वैमानिकाच्या उजव्या हाताच्या बाजूस बसवली. मळसूत्री पंख्याच्या फिरण्याने विमानाला जो पीळ बसतो त्याची बरीचशी भरपाई ह्या एकांगी रचनेने होते, असा त्यांचा हिशेब होता, आणि १९३८ साली ते विमान उडाले तेव्हा तो हिशेब खरा ठरला. पुढच्या आवृत्तीत तर मागे पाहणाऱ्या बंदूकधाऱ्याच्या आड येऊ नये म्हणून शेपटाचा उजवीकडचा आडवा पंखही जवळजवळ काढून टाकला. जगात विमान म्हटले की दोन्ही बाजू सारख्या, हा जो आपल्या डोळ्याचा मूलभूत करार आहे, तो हे विमान मोडते.

माझ्या संग्रहातील ह्या विमानाचे पहिले छायाचित्र मला जुन्या कागदांच्या एका गठ्ठ्यात मिळाले. त्यात कोठडी डाव्या बाजूला होती. पुढे पुस्तकांत पाहिलेल्या सर्व चित्रांत ती उजवीकडे दिसे, तेव्हा ह्या विमानाची डाव्या हाताची म्हणून आणखी एक आवृत्ती असली पाहिजे, असे मी मनाशी धरले, तिची टिपणे केली, एक आराखडाही काढला. कित्येक महिन्यांनी एका संध्याकाळी त्या छापावर भिंग फिरवीत असता उभ्या कल्ल्यावरच्या चिन्हावर ते थांबले. जर्मन विमानांच्या शेपटावरील स्वस्तिक आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाप्रमाणेच उजवीकडे वळलेले असे, फक्त ते तिरपे कललेले. आणि कल्ल्याच्या दोन्ही अंगांना त्याची दिशा तीच ठेवलेली असे. माझ्या छापातले स्वस्तिक डावीकडे वळलेले होते. म्हणजे विमान उलटे नव्हते, काच उलटी होती. छाप काढणाऱ्याने निगेटिव्हची पालथी बाजू वर ठेवली होती, इतकेच. पंखांवरचा काळापांढरा क्रूस कोणत्याही बाजूने सारखाच दिसतो, त्यामुळे तो इतके दिवस गप्प राहिला. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या विमानाच्या बाबतीत अशी उलटापालट कोणाच्या ध्यानातही येत नाही आणि फारसे बिघडतही नाही. परंतु एकांगी विमानाच्या बाबतीत ती एक संपूर्ण काल्पनिक जात जन्माला घालते. तेव्हापासून कोणतेही छायाचित्र हाती आले की मी आधी त्यातील अक्षरे, आकडे आणि चिन्हे पाहतो, आणि मगच विमानाकडे वळतो.

मुद्दाम केलेल्या फसवणुकीविषयी फार लिहीत नाही, कारण त्यासाठी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. अमेरिकेचे पहिले जेट विमान, बेल कंपनीचे एक्सपी-५९ए, १९४२ साली कॅलिफोर्नियातील वाळवंटी तळावर आले तेव्हा त्याच्या नाकाला लाकडी खोटा पंखा लावून ठेवीत, म्हणजे बघणाऱ्याने ते चारचौघांसारखे समजावे. त्या पंख्यासह घेतलेले छायाचित्र समोर असेल तर पंखा मोजून भागत नाही. त्या पंख्याला फिरवणारे इंजिन नाकात मावेल काय, आणि मग पंखांच्या मुळाशी ही भोके कशाला, असे विचारावे लागते. फसवणुकीइतकीच धास्तीही दिशाभूल करते. १ डिसेंबर १९५८ च्या अंकात अमेरिकेतील एका नामांकित वैमानिकी साप्ताहिकाने सोव्हिएत संघ अणुशक्तीवर चालणारे बॉम्बफेकी विमान उडवीत असल्याचे वृत्त दिले. ज्या विमानावरून हा तर्क उभारला गेला ते म्यासिश्चेव ५० तोवर आकाशात गेलेही नव्हते. ते ऑक्टोबर १९५९ मध्ये उडाले, आणि तेही साध्या जेट इंजिनांवर.

ह्याउलट, भय वाटत असतानाही माप न सोडणारी नजर कुठवर पोहोचते हे पाहायचे तर कास्पियन समुद्रावरील त्या राक्षसी यंत्राकडे वळावे. १९६६ मध्ये चाचण्या सुरू झालेले हे यंत्र अमेरिकन उपग्रहांच्या चित्रांत उमटले तेव्हा त्याची लांबी ९० मीटरांहून अधिक आणि पंखांचा विस्तार अवघा ३७ मीटरांच्या आसपास होता. नाकामागे आठ आणि शेपटापाशी दोन अशी दहा इंजिने. ज्याला उंच चढायचे आहे ते इतके आखूड पंख धारण करीत नाही. रोस्टिस्लाव अलेक्सेयेव ह्यांची ती निर्मिती खरोखरच उंच चढणारी नव्हती. पाण्याच्या पृष्ठभागापासून काही मीटरांवर, पंख आणि पाणी ह्यांमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेच्या उशीवर ती धावत असे. लांबी आणि रुंदी ह्या दोन आकड्यांच्या नुसत्या गुणोत्तरात तिचा स्वभाव लिहिलेला होता.

आपल्याकडच्या वाचकाला हे सर्व परदेशी वाटेल, म्हणून एक गोष्ट नमूद करतो. बंगळूर येथे जर्मन अभियंते कुर्ट टांक ह्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले मारुत हे विमान १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास ह्यांनी प्रथम उडवले. परंतु त्यापूर्वी, १९५९ मध्येच, त्याच आकाराचे संपूर्ण लाकडी, इंजिनरहित विमान डाकोटा विमानाच्या मागे दोरीने ओढत नेऊन हवेत सोडले गेले होते. पुढे १९६७ साली एका मारुतमध्ये एका बाजूस नेहमीचे ऑर्फियस इंजिन आणि दुसऱ्या बाजूस इजिप्तमध्ये तयार झालेले ई-३०० इंजिन बसवून त्याची चाचणी घेण्यात आली. बाहेरून एकच दिसणाऱ्या ह्या आकृतीच्या पोटी किती निरनिराळी विमाने होऊन गेली, ह्याचा विचार जुन्या छायाचित्रांखाली केवळ ‘मारुत’ एवढेच लिहून ठेवणारे करीत नाहीत. मुंबईच्या वाचकांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मारुत पाहता येईल. त्याच्या बाजूच्या हवेच्या मुखांतील अर्धशंकू, मध्यावर कमरेसारखे आवळलेले धड, मागे लोटलेले पंख हे सर्व प्रत्यक्ष पाहून, मग त्याचेच छायाचित्र पुढे घेऊन, त्यातले काय काय हरवले आहे हे टिपून काढावे, अशी माझी शिफारस आहे. दिल्लीस पालम येथील वायुसेना संग्रहालयात जपानी आत्मघातकी ओहका आहे. अवघ्या पाच मीटर पंखविस्ताराची ती वस्तू पाहिल्यावर ‘पेनेम्युंडे २०’ किती लहान असेल ह्याची जी जाणीव होते ती कोणत्याही वर्णनाने होणार नाही.

शिवकर बापूजी तळपदे ह्यांच्या १८९५ सालच्या चौपाटीवरील कथित उड्डाणाचा समावेश ह्या पुस्तकात का नाही, असे मला अनेक स्नेह्यांनी विचारले. त्या उड्डाणाचे एकही प्रमाणित छायाचित्र पुढे आलेले नाही, आणि ज्याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो त्या ‘वैमानिक शास्त्र’ ह्या ग्रंथातील विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये सकारण मांडला आहे. तळपद्यांच्या जिद्दीविषयी मला आदर आहे. पण जेथे आकृती नाही तेथे रुजुवात नाही, आणि आपल्या माणसासाठी नियम सैल केला तर परक्याच्या हाइंकेल ११३ ला हसण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

आता एक विनंती. युद्धकाळी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेले, पुढे ओझरच्या वा बंगळूरच्या कारखान्यात नोकरी केलेले, वायुसेनेच्या दुरुस्तीखात्यात आयुष्य घालवलेले पुष्कळ लोक आपल्या घराघरांतून होऊन गेले आहेत, आणि त्यांच्या पेट्यांतून विमानांपुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे अजून निघतात. घरची माणसे बहुधा त्यातला आपला मनुष्य तेवढा कापून ठेवतात आणि कडा फेकून देतात. असे करू नका. त्या कडेवर पंखाचे टोक असते, जमिनीवरची सावली असते, मागच्या इमारतीवरचा एखादा आकडा असतो. मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेले पुसट अक्षर असते. चिकटवलेले छायाचित्र ओरबाडून काढू नका, मागचे लिखाण पुसू नका. घरात कोणी वडीलधारे असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि ठिकाण, साल, पथक ह्यांपैकी जेवढे त्यांना आठवत असेल तेवढेच, मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. विमानाचे नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडा.